गळाच्या गोष्टी, वाचकांचे प्रश्न : पाण्यावरून लाइन उचलताना

मागच्या अंकात फ्लाय फिशिंगमधल्या (फ्लाय म्हणजे हुकवर बांधलेला किड्यासारखा नकली चारा) बॅककास्टवर, म्हणजे लाइन पाठीमागं फेकण्यावर, लिहिलं होतं. रॉड मागं कुठं थांबवायचा, लाइन पाठीमागं सरळ व्हायला किती वाट बघायची, एवढाच विषय होता. त्यावर आलेली पत्रं वाचली आणि लक्षात आलं की बहुतेकांचं दुखणं बॅककास्टचं नाहीच, त्याच्या आधीचं आहे. पाण्यावर पडलेली लाइन वर येईपर्यंतच सगळा इस्कोट झालेला असतो, मग बॅककास्टनं काय करावं? म्हणून या खेपेला फक्त पिकअपचे, म्हणजे पाण्यावरून लाइन उचलण्याचे, प्रश्न घेतलेत. उद्यमनगरात लेथवर उभा राहून केस पांढरे झालेला माणूस आहे मी, त्यामुळं उत्तरांत मापं जरा जास्त येतील. तेवढं सोसून घ्या.

आमच्या गावतळ्यात चिलापी भरपूर आहे. संध्याकाळी वारा पडतो, पाणी निवांत असतं. फ्लाय टाकताना काही अडचण नाही, पण उचलताना फर्रर्र आवाज येतो आणि मासे पांगतात. ५ नंबरचा रॉड, फ्लोटिंग लाइन. हळू उचलली तर लाइन मागं जात नाही, जोरात उचलली तर आवाज होतो. मधला वेग कोणता धरावा?
— एक वाचक, करवीर तालुका

मधला वेग धरू नका, तोच घात करतो. हळू पण लागतं आणि जोर पण लागतो, फक्त एकापाठोपाठ एक. तुम्ही सगळी लाइन एकाच वेगानं उचलताय, म्हणून कुठलाही वेग धरला तरी चुकतंय.

पाण्यात काय चाललंय ते आधी बघा. फ्लोटिंग लाइन म्हणजे आत धागा आणि त्यावर प्लास्टिकचं जाड आवरण. ती पाण्याच्या वरच्या पापुद्र्यात जराशी रुतून पडते आणि तो पापुद्रा तिला लांबीभर धरून ठेवतो. आठ-नऊ मीटर लाइन एकदम हिसडली की तेवढ्या लांबीची पकड एकाच वेळी तुटते. तुमचा फर्रर्र तोच. त्यातून आणखी एक भानगड होते. रॉड वाकतो, पण लाइनच्या वजनानं नाही, पाण्याच्या पकडीनं वाकतो. पकड अचानक सुटली की वाकलेला रॉड भलत्याच वेळी सरळ होतो आणि लाइन मागं गोळा होऊन पडते. कधीकधी फ्लाय थेट तोंडावर येते. साधा का होईना, चष्मा घालून उभे राहत जा.

डबीवरचं लेबल एका कडेनं सोलत नेतो, तशी लाइन पाण्यावरून सोलायची. जवळची आधी, फ्लाय सगळ्यात शेवटी.

त्यासाठी रॉडचं टोक आधी पाण्याजवळ न्या, जवळजवळ टेकलं पाहिजे. इथंच दहातले आठ जण चुकतात. टोक कमरेच्या उंचीवर ठेवलं तर टोकापासून पाण्यापर्यंत लाइन झोळ खाते. मग रॉड वर नेता नेता नुसता झोळ निघतो, फ्लाय जागची हलत नाही, आणि रॉड डोक्यावर आल्यावर खरी लाइन उचलायला सुरुवात होते. तोपर्यंत हाताला जागाच उरलेली नसते. म्हणून टोक खाली, फ्लायच्या रोखानं, आणि डाव्या हातानं लाइन ओढत ढील काढा. फ्लाय किंचित सरकली की ढील संपली असं समजा.

आता उचला. मनगटानं नाही, कोपरापासून. घड्याळाच्या काट्यासारखं समोर नऊ आणि डोक्यावर बारा धरलं तर रॉड साडेनऊ-दहापर्यंत सावकाश जाऊ दे. डोळे रॉडवर नकोत. लाइन पाण्यातून जिथून बाहेर निघते त्या जागेवर ठेवा. ती जागा तुमच्यापासून लांब लांब सरकत लीडरच्या (लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक नायलॉन) जोडाकडं जाताना स्पष्ट दिसते. जोड पाण्याबाहेर आला आणि आत फक्त लीडर न् फ्लाय राहिली, की त्याच हालचालीत वेग वाढवा आणि एक वाजता कचकन थांबा. मध्ये विसावा घेऊ नका, नाहीतर सोललेली लाइन परत पाण्यावर बसते. त्याच क्षणी डाव्या हातानं वीतभर खाली ओढ दिली तर आणखी बरं, पण ते पुढच्या महिन्यात करा. एका वेळी एकच.

मनगट मोडायची सवय असेल तर रॉडच्या मुठीचं मागचं टोक शर्टाच्या बाहीच्या बटणात अडकवून सराव करा. मनगट मोडलं की बाही ओढते. दुसरा कुणी सांगायची गरज राहत नाही.

आणि मासे जिथं दिसतायत तिथूनच लाइन उचलायची हौस कशाला? फ्लाय त्यांच्या मधून हळूच ओढून दोन-तीन मीटर अलीकडं आणा आणि मग उचला. एवढं करूनही पाणी फारच निवांत असेल तर उचलता उचलता रॉडचं टोक डावी-उजवीकडं बारीक हलवा, बोटभर, जास्त नाही. लाइनमधून छोट्या लाटा पुढं जातात आणि पापुद्र्याची पकड एकेका जागी अलगद सुटते. पाच-सात मीटर लाइनला हे फार छान चालतं. त्याहून लांब लाइनवर लाटा मध्येच विरतात.

एकदम किती लाइन उचलता येते? माझा मित्र म्हणतो पंधरा मीटर सहज. माझी दहाच्या पुढं गेली की पाण्यातच राहते. रॉड हलका पडतोय का? ८ नंबर घ्यावा का?
— एक वाचक, जयसिंगपूर

रॉड घेऊ नका, मार्कर पेन घ्या.

लाइनचा नंबर ठरतो तो तिच्या पुढच्या ३० फुटांच्या, म्हणजे साधारण ९ मीटरच्या वजनावर. ५ नंबरच्या लाइनचे हे ३० फूट १४० ग्रेनचे, म्हणजे ९ ग्रॅमच्या आसपास भरतात. ८ नंबरचे २१० ग्रेन, म्हणजे साडेतेरा ग्रॅमच्या जवळपास. रॉडचा नंबर याच हिशेबानं पडतो. तेव्हा ९ मीटर लाइन आणि पुढं लीडर एवढं उचलणं हे रॉडचं रोजचं काम झालं. त्याच्या पुढं जाता येतं, पण ते रॉडच्या नंबरावर कमी आणि तुमच्या हाताच्या वेळेवर जास्त अवलंबून आहे.

दुसरं म्हणजे, तुमची लाइन बहुधा वेट फॉरवर्ड असणार, बाजारात तीच जास्त मिळते. तिचा जाड भाग पुढं असतो, बहुतेक लाइनींत ९ ते १२ मीटरचा, आणि त्याच्या मागं बारीक रनिंग लाइन. जाड भाग सगळा रॉडच्या टोकाबाहेर गेला आणि टोकात बारीक लाइन आली, की बारकी दोरी जड दोरीला उचलायला जाते. ती नुसती वाकते, जोर पुढं पोचत नाही. तुमची दहा मीटरच्या पुढं राहते त्याचं कारण हे असण्याची शक्यता फार. मित्राची लाइन डबल टेपर आहे का विचारा. तिची दोन्ही टोकं निमुळती आणि मधलं पोट सलग जाड असतं, त्यामुळं लांबवरून उचलायला आणि रोल करायला, म्हणजे मागं न फेकता लाइन पुढं लोळवायला, ती उजवी. लांब फेकायला मात्र वेट फॉरवर्ड.

मार्कर यासाठी. लाइन अंगणात पसरा, टेपनं मोजा. ९ मीटरवर पक्क्या काळ्या शाईचा एक पट्टा, जाड भाग जिथं संपतो तिथं दोन. बोटभर रुंद पट्टे, लाइनच्या सगळ्या बाजूंनी. उचलायच्या आधी दोन पट्टे रॉडच्या टोकाच्या आत आलेले दिसले पाहिजेत. दिसत नाहीत तोवर डाव्या हातानं ओढत राहा. यात कमीपणा काही नाही. चार वेळा हात मारून लाइन आत घेणारा, पंधरा मीटरवरून हिसडणाऱ्यापेक्षा आधी मोकळा होतो आणि त्याची फ्लाय परत लवकर पाण्यात जाते.

काळम्मावाडीच्या पाण्यावर खोल जाण्यासाठी सिंकिंग लाइन आणि जड डोळ्यांची फ्लाय वापरतो. ओढून आणल्यावर उचलायला गेलो की रॉड वाकतो पण लाइन येत नाही. एकदा सुटली ती कानाला लागली. रॉड मोडेल अशी भीती वाटते.
— एक वाचक, इचलकरंजी

भीती रास्त आहे. कान वाचला हे नशीब.

फ्लोटिंग लाइनवर नुसत्या पापुद्र्याची पकड असते. बुडालेल्या लाइनवर मीटर-दोन मीटर पाण्याचं ओझं असतं. ती सोलता येत नाही, कारण सोलायला कडाच वर नाही. सरळ उचलणं इथं बाद. तुम्हाला पाहिजे तो रोल पिकअप. एकच पिकअप शिकायचा असं कुणी म्हटलं तर साध्या पिकअपनंतर मी हाच सांगेन, सी पिकअप आणि बाकीची नाचानाच नंतर.

आधी लाइन आत घ्या, बरीच. सिंकिंग लाइनवर टोकाबाहेर पाच-सहा मीटरच राहिली पाहिजे. तिथंही एक पट्टा मारून ठेवा, गढूळ पाण्यात आणि संध्याकाळच्या उजेडात अंदाज चुकतो. आता रॉड सावकाश वर आणि मागं न्या, मूठ कानाच्या उंचीला येईपर्यंत. लाइन पाण्यावरून तुमच्याकडं सरकत येते आणि टोकापासून खाली, तुमच्या खांद्याच्या जरा मागून, तिचं पोट लोंबायला लागतं. इथं थांबायचं. खरोखर थांबायचं, पोट तयार होऊन लाइन सरकायची बंद होईपर्यंत. मग पुढं, आधी सावकाश आणि शेवटी कडक, आणि रॉड साडेदहाला रोखायचा. लाइनचा फास पाण्यावरून लोळत पुढं जातो आणि बुडालेला भाग वर खेचून घेतो.

पहिल्या रोलला लाइन नुसती वर येते, फ्लाय अजून खाली असते. तिला पडू द्या आणि लगेच दुसरा रोल करा. सेकंदभर जास्त थांबलात तर ती परत बुडते आणि पहिल्यापासून सुरुवात. दुसरा रोल जरा उंच, समोरच्या झाडांच्या शेंड्याकडं नेम धरून. आता फ्लाय पाण्यातून बाहेर निघते, लाइन हवेत तुमच्यासमोर सरळ होत जाते, आणि ती खाली पडायच्या आत बॅककास्ट. सगळी मेख या ‘आत’मध्ये आहे. फ्लाय पाणी सोडताना दिसली की हात मागं निघालेला असला पाहिजे. लाइन पूर्ण सरळ झालेली बघत बसलात तर उशीर झाला.

उजव्या हाताचे असाल तर रोलचा नेम पडलेल्या लाइनच्या किंचित डावीकडं ठेवा. उजवीकडं मारला तर फास पडलेल्या लाइनला ओलांडतो आणि दोन्ही एकमेकींत अडकतात.

जड फ्लाय मागं जाताना लाइनच्या खाली लोंबते आणि पुढं येताना डोक्याजवळून येते. तुमच्या कानाचा तोच मामला. म्हणून बॅककास्ट अंगापासून बाजूला, रॉड आडवा करून घ्या, आणि पुढचा कास्ट डोक्यावरून उंच. मध्ये हवेत चार फेऱ्या मारू नका. उचला, एकदा मागं, एकदा पुढं, सोडा. टोपी, चष्मा आणि हुकचा काटा पकडीनं दाबून टाकलेला, या तीन गोष्टींशिवाय जड फ्लाय बांधूच नये असं माझं मत आहे.

जाता जाता एक. काळम्मावाडीच्या पाणलोटाला लागून राधानगरी अभयारण्याचं रान आहे. त्या हद्दीत गळ नाही. बाकीच्या पाण्यातली मासेमारी सहकारी संस्थांकडं ठेक्यानं असते, त्यांना विचारूनच बसा. बहुतेक लोक चांगले असतात, चहासुद्धा पाजतात.

मोबाइलवर व्हिडिओत सात-आठ प्रकारचे पिकअप दाखवतात. सगळे शिकायचे का?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, कोल्हापूर

नाही रे भावा. त्यातले निम्मे दोन हातांच्या लांब रॉडचे आहेत, परदेशातल्या रुंद नद्यांसाठी. साधा आणि रोल, हे दोन अंधारात करता येईपर्यंत तिसऱ्याच्या नादाला लागू नकोस.

पंचगंगेच्या काठावर आमचं रान आहे. मागं ऊस थेट पाण्यापर्यंत. उचलून मागं टाकली की फ्लाय उसाच्या पानात. पाणी डावीकडून उजवीकडं वाहतं. बंधाऱ्याखाली धार जोरात असते, तिथं लाइन उचलणं आणखी अवघड जातं.
— एक शेतकरी वाचक, शिरोळ तालुका

तुमच्याकडं दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि गंमत म्हणजे दुसरा प्रश्न हेच पहिल्याचं उत्तर आहे.

वाहत्या पाण्यात फ्लाय कुठं आहे यावर पिकअप ठरतो. फ्लाय वर, प्रवाहाच्या उलट दिशेला टाकली असेल तर पाणी ती तुमच्याकडं आणतं आणि ढील साठत जाते. ती वाहतानाच डाव्या हातानं गोळा करत राहा, नंतर एकदम ओढू म्हणाल तर पायाजवळ गुंताडा होतो. तरी थोडी ढील राहिलीच तर साधा पिकअप करू नका, रोल पिकअप करा. रोलला सगळी ढील काढावी लागत नाही, तो ढिलीवरही चालतो.

फ्लाय वाहत जाऊन खाली, तुमच्या उजव्या हाताला लोंबत असेल तर उलटा मामला. लाइन ताणलेली, ढील शून्य, आणि पाणी तिला खाली ओढत असतं. इथं हिसडलं तर इचलकरंजीच्या वाचकांसारखं कानावर येणार. धार जोराची असली की फ्लोटिंग लाइनचं टोकही ती खाली दाबते. आधी रॉड हळूच वर उचलून दोन श्वास तसाच धरा. धारच लाइनला पृष्ठभागावर आणून ठेवते. मग उचला.

आता ऊस. तुम्हाला मागं जागा नाही, पण खाली ताणलेली लाइन हाच तुमचा बॅककास्ट आहे. रॉडचं टोक खाली, प्रवाहाच्या रोखानं, पाण्याला लागून ठेवा. धारेनं लाइन ताणली की हाताला रॉडचं वाकणं जाणवतं. तिथूनच अंग वळवून रॉड एका लांब, न तुटणाऱ्या हालचालीत वरच्या दिशेला न्या आणि उंच थांबवा. पाण्याच्या पकडीनं रॉड वाकलेलाच आहे, त्याच वाकाच्या जोरावर फ्लाय वर जाऊन पडते. मागं काही जातच नाही. गावतळ्यावर जी पकड नडत होती, ती इथं कामाला येते. जड फ्लायला तर हाच प्रकार सगळ्यात सुखाचा, कारण ती हवेत कमीत कमी वेळ राहते. देखणा नाही, नेमही फार बारीक लागत नाही, पण पाच-दहा मीटरवरच्या डोहाला पुरतो.



जिथं धार नाही, पाणी साचलंय, तिथं मात्र रोल कास्ट करूनच थेट पुढं टाका. बॅककास्टचा मोहच नको. आणि फ्लाय उसात अडकली तर ओढू नका, जाऊन सोडवा. उसाच्या पानाची धार लीडरला चरे पाडते, ते डोळ्यांना दिसत नाहीत, नखाला कळतात. लीडरची शेवटची वीतभर नखावरून ओढून बघा, खरखर लागली तर कापून टाका.

बंधाऱ्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याखाली बरगे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढायच्या दिवसांत कुणीही पाण्यात उतरू नये. वरचं साचलेलं पाणी सुटतं तेव्हा तुमच्या कास्टपेक्षा लवकर येतं. पावसाळ्यात भोगावतीवरही हेच. राधानगरीचे सात स्वयंचलित दरवाजे पाणी भरलं की आपले आपण उघडतात, ते कुणाला विचारून उघडत नाहीत. काठावरून टाका, गुडघाभर पाण्यातसुद्धा नको.

तळ्यात जलपर्णी आणि कमळाची पानं आहेत, मधूनमधून मोकळं पाणी. मरळ तिथंच असते. बेडकासारखी तरंगती फ्लाय टाकतो, पण उचलताना ती पानांवरून घसटत येते आणि अडकते.
— एक वाचक, कागल

तुमच्यासाठी सी पिकअप. यात फ्लाय पाण्यावरून ओढली जात नाही, जागेवरून सरळ वर उडते.

लाइन सरळ, टोक खाली, साध्या पिकअपसारखंच सुरू करा. रॉड सावकाश साडेदहापर्यंत न्या. जवळची लाइन हवेत येते, फ्लायजवळची दोन-तीन मीटर खालीच असते. आता न थांबता टोकानं वर, जरासं मागं, आणि मग झपकन खाली अशी छोटी कमान काढा. इंग्रजी सी काढल्यासारखी, पण कमान हातभरच, घराएवढी नको. खाली येताना कडक थांबलं पाहिजे. त्या थांबण्यातून लाइनमध्ये एक उंचवटा तयार होतो आणि फ्लायकडं धावत जातो. तो दिसतो. नजर त्याच्यावरच ठेवा. उंचवटा फ्लायपर्यंत पोचला की ती पाण्यावरून टुणकन वर येते. ती हवेत दिसली की बॅककास्ट. आधी केलात तर फ्लाय अजून पानातच असते, नंतर केलात तर ती पुन्हा पडते, आणि बहुधा पानावरच.

पहिल्यांदा शिकताना बॅककास्ट करूच नका. नुसती कमान काढा, फ्लाय उडतेय का बघा, पडू द्या. दहा वेळांतून सात-आठ वेळा उडायला लागली की पुढचं जोडा.

याच्या मर्यादा आहेत. फ्लाय हलकी आणि तरंगणारी पाहिजे. लाइन आठ-नऊ मीटरच्या आत पाहिजे. लाइनमध्ये ढील असेल तर उंचवटा ढिलीतच जिरतो. आणि तुमची बेडूक-फ्लाय फार मोठी, केसाळ असेल तर पाणी पिऊन जड होते. मग ती उडत नाही, फक्त उडी मारल्याचं सोंग करते. मधून मधून पिळून, फुंकून कोरडी करा. हुकसमोर जाड नायलॉनचा फास बांधून घेतला तर पानांत कमी अडकते.

आणि अडकलीच, तर रॉडनं हिसका देऊ नका. रॉड लाइनच्या रोखानं सरळ धरा, तोंड बाजूला वळवा, हातानं लाइन ओढा. ताणलेली फ्लाय सुटली की ओढणाऱ्याच्या तोंडाच्याच रोखानं येते.

माझी मुलगी बारा वर्षांची आहे. आजोबांचा रॉड मिळालाय, मैदानावर सराव करते. पण गवतावर रोल जमतच नाही म्हणून रुसते. तिचं काय चुकतंय?
— एक आई, राजारामपुरी

तिचं काही चुकत नाही, गवताचं चुकतंय. रोलला लाइनचं पुढचं टोक कुणीतरी धरून ठेवावं लागतं. पाण्यावर ते काम पाणी करतं, गवतावर कुणी करत नाही, म्हणून लाइन नुसती घसरत मागं येते. तिला सांगा, लीडरचं टोक तुम्ही चपलेखाली धरा आणि तिला सहा-सात मीटरवर उभी करा. फास तुमच्या पायापर्यंत लोळत आला की जमलं. तुम्हाला वेळ नसेल तर परीक्षेचं पॅड उताणं ठेवून त्याच्या चिमट्यात लीडर अडकवायची, वर दगड.

फ्लायच्या जागी लाल लोकरीचा तुकडा बांधा, हुक नको. साधा पिकअप गवतावर शिकता येतो, पण फसवा असतो, गवत पाण्याइतकं धरत नाही. तिथं जमलेला वेग पाण्यावर कमी पडेल, हे आधीच सांगून ठेवा म्हणजे परत रुसायला नको. मैदानावर क्रिकेटवाल्यांच्या पाठीमागं उभं राहायचं नाही. डांबरावर किंवा फरशीवर सराव तर मुळीच नाही, लाइनचं आवरण सोलून निघतं. आणि आजोबांच्या रॉडवर मुठीच्या वर नंबर लिहिला असेल तो बघा, लाइन त्याच नंबरची आहे ना याची खात्री करा. नसेल तर अर्धा रुसवा तिथंच आहे.

माझ्या फ्लोटिंग लाइनचं टोक हल्ली बुडतं. त्यामुळं उचलायला जड जातं. नवीन घ्यावी का?
— एक वाचक, गडहिंग्लज

आधी धुवा. टोकावर शेवाळ, चिखल, तेलाचा पातळ थर बसला की ती पाणी धरते आणि बुडते. बुडालेलं टोक साध्या पिकअपला येत नाही, तोवर रोल करून वर आणा आणि मगच उचला.

कोमट पाण्यात अंगाच्या साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, लाइन त्यातून दोनदा ओढायची. मग साध्या पाण्यातून एकदा आणि सावलीत वाळवायची. कपड्याची पावडर नको, उन्हात टाकणं नको. आवरणाला भेगा पडल्या असतील आणि आतला धागा दिसत असेल तर मग मात्र नवीनच घ्यावी लागेल.

एक सवय तपासा. संध्याकाळी डासांचं मलम लावून त्याच हातानं लाइन ओढता का? बऱ्याच मलमांत डीट नावाचं रसायन असतं, ते प्लास्टिक खातं. मलम मनगटाच्या वर लावा, तळहात आणि बोटं कोरडी ठेवा. गाडीत पेट्रोलच्या कॅनशेजारी रील टाकायची सवय असेल तर तीही बंद करा.